आंबा : घाटमाथ्यावरचे एक सीमेचे गाव

सीमेवरचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तारेचे कुंपण, शिपायांचा पहारा आणि रस्त्यात आडवा टाकलेला बांबू येतो. आपल्या शाहूवाडी तालुक्यात असे काही नाही. पण या तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर, आंबा नावाचे जे गाव आहे ते कोणत्याही सीमेवरच्या गावाइतकेच सीमेवरचे आहे. मलकापूर मागे टाकून पश्चिमेला निघालात की गाडी हळूहळू चढत राहते. हवा बदलते, झाडी दाटते, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आंबा गाव लागते. गाव सोडून थोडे पुढे गेले की जमीनच संपते. समोर कडा, खाली कोकण. तिथून घाट दहा-अकरा किलोमीटर वळणे घेत साखरप्याच्या बाजूला उतरतो.

या कड्यावर उभे राहून एक विचार करून पाहा. तुमच्या डाव्या हाताला पावसाचा एक थेंब पडला आणि उजव्या हाताला दुसरा. पश्चिमेकडचा थेंब काजळी नदीत जातो आणि दिवस-दोन दिवसांत रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेकडचा थेंब कडवी नदीत पडतो. निनाई परळ्याच्या धरणात तो काही दिवस मुक्काम करतो, मग वारणेत, मग सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत. आणि तिथून कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. अंगणात शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एकाला समुद्र जवळ तर दुसऱ्याला शेकडो कोस! भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. आपण साधे 'पाणलोटाची रेघ' म्हणू.

माणसांनी राज्ये वाटून घेताना बहुधा अशीच रेघ शोधली. फ्रान्स आणि स्पेन यांच्यात १६५९ साली तह झाला तेव्हा पिरेनीज पर्वताचा माथा हीच सीमा ठरली. पुढच्या वर्षी सेरदान्या नावाच्या खोऱ्यातली तेहतीस खेडी फ्रान्सला देण्यात आली. त्यांतले ल्यिव्हिया मात्र 'आम्ही खेडे नव्हे, नगर आहोत' या मुद्द्यावर स्पेनकडे राहिले. आजही ते चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेले आहे. एका शब्दाने एका गावाचे देशपण ठरले! आणि योगायोग पाहा, त्याच १६५९ साली शिवाजी महाराजांनी खेळणा किल्ला घेऊन त्याचे नाव विशाळगड ठेवले.

विशाळगड आंब्याच्या दक्षिणेला, याच डोंगरधारेवर. या धारेचा इतिहास सांगायचा तर पावसाचा आणि जंगलाचाच इतिहास सांगावा लागतो. पंधराव्या शतकाच्या मध्याला बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार हा खेळण्यावर चालून आला. शिर्क्यांनी त्याला वाट दाखवण्याच्या मिषाने रानात आणले, आणि तिथे त्याची फौज कापली गेली. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते भर पावसात, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले तीही याच तालुक्यात. ती कथा आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १७०१ साली पन्हाळा घेतल्यावर औरंगजेब बादशहा जातीने विशाळगडावर निघाला. मलकापूरवरून पुढे आंबा घाटाची वाट होती. ती वाट म्हणजे तेव्हा बैलाचा आणि पायी माणसाचा मार्ग. तोफा, हत्ती, तंबू आणि बादशाही बाजार घेऊन जाण्याजोगा नव्हे. पाथरवट आणि बेलदार पुढे पाठवून दगड फोडावे लागले, झाडे तोडावी लागली, तेव्हा कुठे फौज पुढे सरकली. वर्षअखेरीला वेढा पडला. गड काही लढून पडला नाही. किल्ला लढवणाऱ्या परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी महिनोन् महिने झुंजवले आणि पावसाळा तोंडावर आल्यावर, १७०२ च्या जूनमध्ये, दोन लाख रुपये घेऊन गड खाली केला. बादशहाने गडाला 'सख्खरलना' असे नाव दिले. देवाने तो आमच्या स्वाधीन केला, असा त्याचा भाव.

स्वाधीन कसचा! जून महिना आणि हा घाटमाथा. परतीच्या वाटेवर ओढे फुगले, जनावरे वाहून गेली, चिखलात सामान रुतले, धान्य महागले. गडापासून पन्हाळ्यापर्यंतच्या तीसेक मैलांना महिनाभराहून जास्त काळ लागला. प्रतिनिधींना मृगाची तिथी माहीत होती, बादशहाला नव्हती, असे मला नेहमी वाटते. शिक्षकमित्रांनी वर्गात सनावळ्या सांगताना लढाईचा महिनाही सांगावा. निम्मा इतिहास त्यातच उलगडतो.

पुढे विशाळगडची जहागीर प्रतिनिधींच्या घराण्याकडे, कोल्हापूर छत्रपतींच्या छायेत राहिली. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले, इंग्रजांनी ते मोडले आणि विशाळगडाची तटबंदी पाडली. जहागीरदारांचे ठाणे मलकापूरला आले. त्याआधीच, १८१८ मध्ये, घाटाखालची रत्नागिरी इंग्रजी अमलात गेली होती. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आंब्याचा कडा ही दोन राज्यांमधली हद्द होती. वर संस्थान, खाली खालसा मुलूख. वरचा कायदा वेगळा, खालचा वेगळा. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती हद्द नकाशावरून पुसली गेली. उरली ती दोन जिल्ह्यांमधली रेघ.

हद्द होती तेव्हाही वाट बंद नव्हती बरं का. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. देशावरून गूळ, मिरची, कडधान्य खाली जायचे. आंबा, आणि त्याच्या दक्षिणेचा अणुस्कुरा, हे या व्यापाराचे दरवाजे. दरवाजावरच्या गावाला दोन्ही अंगणांतले थोडे थोडे मिळते. बोली देशावरची, पण पाऊस आणि घरांची उतरती छपरे कोकणाशी नाते सांगणारी. शेतात भात आणि नाचणी. माथ्यावर धनगरवाडे. आणि घरटी एखादा माणूस मुंबईला.

आता पावसाविषयी. कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावर तो पाच हजारांच्या घरात जातो. आंबा याच घाटमाथ्याच्या पंक्तीतले. एवढे पाणी पडते, तरी एप्रिल-मेमध्ये माथ्यावरच्या वाड्यांतल्या बायाबापड्या हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. कारण इथल्या डोंगराची घडण. खाली काळा कातळ, थरावर थर, माथ्यावर जांभा. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र. तो पाणी पितो, आणि जिथे जांभा संपून कातळ लागतो तिथे झरा फुटतो. माथ्यावर झाडी असेल तर पाणी मुरायला वेळ मिळतो आणि झरा उन्हाळ्यापर्यंत टिकतो. नसेल तर सगळे पाणी चार महिन्यांत वाहून मोकळे. कोल्हापूर जिल्ह्याच्या सह्याद्रीत याच जांभ्यातून बॉक्साइट काढले गेले आहे. खाणीने रोजगार दिला, पण जांभा उचलणे म्हणजे विहिरीचे तोंड उचलून नेण्यासारखे आहे, हा हिशेब त्या रोजगारात कोणी मांडला नाही.

आंब्यात आंबेश्वराची देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेले रान. वाळकी काटकीसुद्धा तिथून न्यायची नाही हा अशा रानांचा जुना दंडक. पूर्वजांना जलशास्त्राचा शब्द ठाऊक नव्हता, पण ज्या रानातून झरा निघतो ते रान देवाच्या स्वाधीन करायचे एवढे त्यांना कळत होते. मुलांना सहलीला न्यायचेच असेल तर नुसते कड्यावर उभे करून फोटो काढू नका. आधी देवराईतली मूठभर माती हातात द्या, मग रस्त्याकडेच्या उघड्या उताराची द्या. ओल कुठे आहे ते त्यांचे हातच सांगतील.

आणखी एक गोष्ट. कड्याची रेघ आपण कायमची समजतो, पण तीही सरकते. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, म्हणून त्या डोंगर फार जोराने पोखरतात. देशावरच्या नद्या संथ. त्यामुळे कडा लाखो वर्षांच्या हिशेबात पूर्वेकडे मागे हटत आला आहे. हे काम एरवी आपल्या नजरेत येत नाही, पण कधी कधी एका रात्रीत दिसते. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने आंबा घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ता खचला, आणि अवजड वाहने पुढे बराच काळ बंद राहिली. भिजून जड झालेली माती, तिच्याखालचा गुळगुळीत कातळ, आणि पायथ्याशी रस्त्यासाठी कापलेला उतार, अशी तिन्ही कारणे एकत्र आली.

रस्ता नको असे आंब्याचा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायचे तर हाच रस्ता. रत्नागिरीहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आता याच वाटेने जातो, आणि त्याच्या रुंदीकरणासाठी खालच्या पट्ट्यात डोंगर कापला गेला आहे. म्हणून गावकऱ्यांनी ग्रामसभेत विचारावे असे प्रश्न अगदी साधे आहेत. उतार सरळ उभा कापणार की पायऱ्यापायऱ्यांनी? वरून येणाऱ्या पाण्याला गटार कुठे, आणि ते मे महिन्यात कोण साफ करणार? तोडलेल्या झाडांच्या जागी याच मातीतली जांभूळ, अंजनी, हिरडा लावणार की दिसायला बरी म्हणून परकी झाडे? प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे. घाट खचतो तेव्हा वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवता येते. आंब्याचा झरा मात्र दुसऱ्या वाटेने वळवता येत नाही.