शिक्षकांचे उभे राहणे व पादत्राणांची निवड

फळा किती उंचीवर असावा, याची चर्चा आपण शिक्षकवर्गात वारंवार करतो. फळ्यापुढे उभ्या असणाऱ्या माणसाच्या पायांचा विचार मात्र क्वचितच होतो. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांस बसण्याची सोय असावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात करण्यात आली होती. केरळ राज्याने २०१८ साली दुकानांतील नोकरवर्गासही तसा हक्क दिला. शिक्षकास खुर्ची पूर्वीपासूनच आहे. परंतु दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्यास तीवर बसावयास सवड नसते.

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात व पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. एका जागी उभे राहिल्यास ही क्रिया मंदावते, रक्त खाली साचते आणि सायंकाळी पाय सुजतात. वर्षानुवर्षे असे चालल्यास पोटरीवरील शिरा फुगण्याचा संभव वाढतो. तळव्याच्या चिवट पट्ट्यावर ताण पडून सकाळच्या पहिल्या पावलालाच टाच ठणकते, ते निराळेच. म्हणून मुलांच्या ओळींमधून फिरत शिकविणे हे शिक्षकाच्या पायांसही हितावह होय.

आपल्या अनेक शाळांत पादत्राणे दाराबाहेर काढण्याची रीत आहे. वर्ग स्वच्छ राहतो, ही गोष्ट चांगलीच. पण शहाबादी फरशीवर दिवसभर अनवाणी उभे राहणे टाचेस सोसत नाही. याकरिता केवळ वर्गात वापरावयाचा, मऊ तळाचा स्वच्छ जोड शाळेतच ठेवावा. मधुमेही शिक्षकांच्या बाबतीत तर मुख्याध्यापकांनी अनवाणी राहण्याचा आग्रह मुळीच धरू नये. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा रुतला तरी कळत नाही व जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. अशांनी रोज रात्री तळवे पाहावेत आणि जखम दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

खरेदी सायंकाळी करावी, कारण त्या वेळी पाय किंचित फुगलेले असतात. बाजारास जाण्यापूर्वी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती पेन्सिलीने काढावी व ती कापून न्यावी. कागद जोड्याच्या तळाबाहेर आला, तर तो जोडा कितीही सुबक असो, परत ठेवावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी. जोडा बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्यभागी नव्हे; टाचेची मागील बाजू घट्ट असावी. भगिनींनी उंच टाचा टाळाव्यात, कारण त्यांनी सारा भार चवड्यावर येतो.

कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा अभिमान वाटतो. तथापि तिचा सपाट, कठीण तळ पाच तास उभे राहण्यास सोयीचा नाही. समारंभास ती खुशाल घालावी.

पावसाळ्यात कळमनुरी वा सेनगावकडील काळ्या मातीच्या वाटांवर चामड्याचा जोडा दोन दिवसही टिकत नाही. त्या वाटेसाठी रबरी जोडा वेगळा असावा. भिजलेला जोडा चुलीजवळ न ठेवता आत कागदाचे बोळे घालून सावलीत वाळवावा. टाच एका अंगाने झिजली, की मोचीकडून ती त्याच आठवड्यात बसवून घ्यावी; तिरपा तळ गुडघ्यासही बाधतो.