रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी हे तपासा

बारावी सायन्सचा निकाल लागला आणि नीटचे मार्क एमबीबीएसपर्यंत पोहोचले नाहीत, की आपल्या घरांत बहुतेक दोनच नावं निघतात: डीएमएलटी किंवा नर्सिंग. आज आम्ही तिसरा रस्ता सांगतोय, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टचा.

काम काय असतं?
कॅन्सरच्या गाठीवर मशीनने किरणं दिली जातात. आपल्याकडे बरेच जण याला 'लाईट देणं' म्हणतात. डोस किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, त्याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट बघतात. पेशंटला रोज त्याच स्थितीत झोपवणं, मास्क बसवणं, खुणा जुळवणं, मशीन चालवणं आणि कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. उपचार अनेकदा काही आठवडे चालतात. स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या आपल्या आया-बहिणींना समोर बाई टेक्नॉलॉजिस्ट दिसली की किती धीर येतो, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षण कुठून सुरू होतं?
बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी ठेवा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीत रेडिओथेरपीची शाखा आहे. काही विद्यापीठांत याच विषयात बीएस्सी करता येते. लक्षात ठेवा, एक्स-रे, सीटी काढणारी रेडिओग्राफीची शाखा वेगळी आणि ही वेगळी. फॉर्म भरताना इथेच गल्लत होते. फिजिक्सची आवड असेल तर एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. त्यातून मेडिकल फिजिसिस्टकडे जाता येतं.

फी भरण्याआधी तीन प्रश्न
१. पदवी किंवा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा?
२. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये? तिथे लिनॅक किंवा कोबाल्ट मशीन खरंच चालू आहे का?
३. हे शिक्षण अणुऊर्जा नियामक मंडळाच्या म्हणजे एईआरबीच्या पात्रतेत बसतं का?
सहा महिन्यांत 'रेडिएशन टेक्निशियन' करून देतो म्हणणाऱ्या क्लासपासून लांब राहा. रेडिओथेरपीत कोणाला काम करता येईल याची किमान पात्रता एईआरबीने ठरवली आहे. नुसतं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे.

"मुलीला किरणांचा त्रास होईल का?"
अम्मी-अब्बांचा हा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. लिनॅक चालू असताना खोलीत फक्त पेशंट असतो. टेक्नॉलॉजिस्ट जाड भिंतीबाहेर कन्सोलवर. अंगावर टीएलडी बॅज असतो, त्यावरून मिळालेला डोस मोजला जातो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यावर बाळासाठी मर्यादा आणखी कडक, १ मिलिसिव्हर्ट. म्हणून ही बातमी लपवू नये, लगेच कळवावी. १८ वर्षांखालच्यांना रेडिएशनचं काम देता येत नाही.

पैशांचं काय?
महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची माहिती बघा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. मोमीन, तांबोळी, बागवान, अत्तार अशा ओबीसीत येणाऱ्या बिरादऱ्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवावं. निकालानंतर तहसीलमध्ये गर्दी होते, आणि कागदासाठी सीट हातची जाते.