तुकडीत सैनिक किती? : कल्पनारम्य युद्धखेळातील संख्यानिश्चितीचा विचार

प्रस्तावना :

टेबलावर छोट्या प्रतिमा मांडून लढाई खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी लष्करी शिक्षणासाठी ‘क्रीग्सश्पील’ हा खेळ सिद्ध केला. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून अशा खेळाला घरगुती करमणुकीचे रूप दिले. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉरहॅमर’ने या परंपरेत बुटके, राक्षस व जादूगार आणले. या खेळात प्रत्येक सैनिकाचे मूल्य गुणांत ठरलेले असते आणि दोन्ही बाजूंना समान गुणांचे सैन्य उभारावे लागते. त्या मर्यादेत तुकड्या किती करावयाच्या आणि प्रत्येकीत सैनिक किती ठेवावयाचे, हा प्रश्न पहिला फासा पडण्यापूर्वीच सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः २००६ च्या सातव्या आवृत्तीच्या नियमांच्या आधारे केला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात पत्ती म्हणजे एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ असे मान दिलेले असून तेथून अक्षौहिणीपर्यंतची गणना आपल्या परिचयाची आहे. तेथे तुकडीचा आकार ठरलेला आहे. येथे तो खेळाडूने ठरवावयाचा असतो, एवढाच फरक.

रांगांचे मोल :

इंग्लिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ मध्ये असे मांडले की, दुरून मारा करणाऱ्या आधुनिक सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समोरासमोरच्या हातघाईत मात्र ते केवळ संख्येच्या प्रमाणात वाढते. या खेळातील पायदळाची स्थिती दुसऱ्या प्रकारच्या जवळची आहे. पाच-पाच सैनिकांच्या आठ रांगा उभ्या केल्या तरी वार करणारे साधारणतः आघाडीचे पाचच. मग मागच्या सैनिकांचा उपयोग काय? नियम असा की, लढतीच्या आरंभी पहिल्या रांगेमागे असलेल्या प्रत्येक पूर्ण रांगेस एक गुण मिळतो, परंतु तीनपेक्षा अधिक नाही. निशाणास एक गुण, संख्याधिक्यास एक गुण आणि पाडलेल्या प्रत्येक शत्रूस एक गुण. ज्याची बेरीज कमी त्याने मनोधैर्याची कसोटी द्यावयाची. दोन फाशांची बेरीज तुकडीच्या नेतृत्वगुणाइतकी अथवा त्याहून कमी यावी लागते. मात्र जितक्या गुणांनी हार झाली तितके त्या नेतृत्वगुणातून आधी वजा होतात. कसोटीत नापास झालेली तुकडी पळते, आणि पाठलागात सापडल्यास सबंध नष्ट होते.

आता पाच जड घोडेस्वार निशाणासह साध्या पायदळावर समोरून तुटून पडले असे मानू. तीन किंवा अधिक पडल्यास त्यांचा भाला लागतो, दोन किंवा अधिक पडल्यास घाव जिव्हारी बसतो, आणि भाल्याच्या जोरापुढे हलके चिलखत निरुपयोगी ठरते. म्हणजे ५ × २/३ × ५/६, सुमारे पावणेतीन बळी. घोड्यांच्या लाथांची भर घालून साडेतीन धरू. निशाणाचा एक मिळवला की साडेचार. घोडेस्वार दोन सैनिकांइतका मोजला जात असल्याने पाच स्वारांची संख्या दहा होते. स्वारांचे चिलखत जाड असल्याने पायदळाच्या उलट वारांचा हिशेब येथे सोडून दिला आहे.

पायदळ दहांचे असेल तर रांगेचा एक व निशाणाचा एक मिळून त्याचे गुण दोन. शिवाय बळी गेल्यावर संख्याधिक्य स्वारांकडे जाते व त्यांची बेरीज साडेपाच होते. निदान तीन गुणांनी हार. नेतृत्वगुण सात असल्यास चार किंवा कमी पडणे आवश्यक, आणि दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी तशा केवळ ६ आहेत. पंधरांचे पायदळ चार गुण मिळवते, म्हणजे थोडक्यात हरते. एका गुणाने हरल्यास टिकण्याच्या शक्यता ३६ पैकी १५. वीसांचे पायदळ पाच गुण मिळवून लढत जिंकू शकते. पंचवीसांचे? तेही पाचच. अर्थशास्त्राच्या अध्यापकास येथे घटत्या सीमांत उपयोगितेचे आयते उदाहरण सापडेल.

तथापि यावरून वीस हीच योग्य संख्या असे म्हणता येत नाही. वरील हिशेब पायदळ अक्षत असताना शत्रूशी भिडले असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात वाटेतच एक बाण लागला की वीसांचे एकोणीस होतात, शेवटची रांग अपुरी पडते आणि एक गुण जातो. पंचवीसांची तुकडी मात्र पाच सैनिक गमावूनही तीन रांगांचे गुण राखते. चोवीस-पंचवीसांची तुकडी बाळगणारे खेळाडू उधळे नसतात, ते वाटखर्च बरोबर घेतात.

लहान तुकड्या :

लढण्यासाठी नसलेल्या तुकड्यांचे गणित निराळे आहे. माऱ्याच्या एकाच टप्प्यात चतुर्थांश अथवा अधिक सैनिक पडल्यास घबराटीची कसोटी द्यावी लागते. चारांपैकी एक पडला की कसोटी. पाचांपैकी एक पडला तर नाही. बारांच्या तुकडीस तीन बळी पुरतात, तेरांच्या तुकडीस चार लागतात. म्हणून पाच, नऊ, तेरा, सतरा या संख्या एका जादा सैनिकाच्या किमतीत अधिक स्थैर्य देतात. हलक्या घोडदळाची पाचांची तुकडी म्हणूनच लोकप्रिय झाली. ती शत्रूस हुलकावणी देते, आणि सैन्य मांडताना दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक तुकडी ठेवत असल्याने ती आधी ठेवून प्रतिपक्षाचा बेतही पाहता येतो. सपाटीवर तिरंदाजांची पहिलीच रांग बाण सोडते. त्यामुळे वीसांच्या एका तुकडीपेक्षा दहांच्या दोन सोयीच्या.

नियम बदलल्यावर :

२०१० च्या आठव्या आवृत्तीने हा सारा तोल बदलला. ज्या तुकडीच्या रांगा शत्रूपेक्षा अधिक, तिला हरल्यावरही वजावटीविना कसोटी देता येऊ लागली. वर सांगितलेल्या सात नेतृत्वगुणाच्या पायदळास ३६ पैकी २१ शक्यता अनुकूल झाल्या. दहांच्या रुंदीच्या जमावास आणखी एका रांगेने लढण्याची मुभा मिळाली, आणि चाळीस-पन्नासांच्या तुकड्या टेबलावर दिसू लागल्या. प्रत्येक प्रतिमा विकत घेऊन, जोडून व रंगवून तयार करावी लागते, आणि येथे नियम करणारी व प्रतिमा विकणारी कंपनी एकच आहे. हा बदल निव्वळ खेळाच्या हितासाठी झाला असे मानणे प्रस्तुत लेखकास जड जाते. २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ने रांगांची पद्धतच काढून टाकली, तेव्हा अनेकांची काटेकोर मोजून रंगवलेली सैन्ये खोक्यांत गेली. जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ रांगांसह आला, आणि ती पुन्हा बाहेर निघाली.

संभाव्यता शिकवताना वर्गात हा खेळ शर्टाच्या गुंड्यांवर भागवता येतो. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात बहुतेक गट प्रथम वीसच गुंड्या मांडतात. त्यांतील एक उचलली की हिशेब नव्याने सुरू होतो.