घरच्या संगणकातील फाइल हातातल्या मोबाइलवर
दार कसे उघडावे आणि कुलूप कुठे लावावे

दुपारची वेळ आहे. आपण भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनजवळील दुकानात बसला आहात. समोर जुने गिऱ्हाईक उभे आहे आणि म्हणते, "गेल्या रमजानच्या आधी जो माल दिला होता, त्याच भावात, त्याच नमुन्यात पुन्हा हवा." तो भाव आणि तो नमुना आपल्याकडे आहे, पण घरच्या संगणकात. मग घरी फोन जातो. "बेटा, कॉम्प्युटर चालू कर. डेस्कटॉपवर पार्टीच्या नावाचे फोल्डर आहे बघ. नाही, ते नाही, त्याच्या खालचे." दहा मिनिटांनी मुलगा संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवतो. त्यातले आकडे वाचता येत नाहीत. गिऱ्हाईक "संध्याकाळी येतो" म्हणून निघून जाते, आणि संध्याकाळी ते येईलच याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. येथे अनेकांचे घर रुळांच्या एका बाजूला आणि गाळा दुसऱ्या बाजूला असतो. माल दाखवायला भुलेश्वर, तांबाकाटा, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जावे लागते. हिशेब, डायची मापे, दागिन्यांच्या डिझाइनचे फोटो, जॉबवर्कची चलने मात्र घरच्या एकाच संगणकात पडून असतात. हा सारा खजिना मोबाइलवर उघडता येतो, आणि घरातल्या घरात त्यासाठी एक पैसाही लागत नाही. मात्र घराबाहेरून तो उघडताना एक चूक केली, तर सारा धंदा अडकू शकतो. या दोन्ही गोष्टी व्यापारी व कारागीर बंधूंनी नीट समजून घ्याव्यात म्हणून हा लेख.

घरातले जाळे कसे चालते

घरात इंटरनेटसाठी जो वायफायचा डबा बसवलेला असतो, त्याला राउटर म्हणतात. संगणक, मोबाइल, प्रिंटर हे सर्व त्या राउटरला जोडलेले असले की त्यांचे आपसात एक छोटे जाळे तयार होते. राउटर प्रत्येकाला खोली क्रमांकासारखा एक पत्ता देतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा पत्ता फक्त घरापुरता असतो. म्हणूनच शेजाऱ्याच्या घरीही हाच आकडा असला तरी गोंधळ होत नाही.

एका संगणकातील फोल्डर दुसऱ्याला उघडता यावे यासाठी जी पद्धत वापरतात, तिला एसएमबी म्हणतात. ती १९८३ साली आयबीएम कंपनीत तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये रुजवली. आज अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना ही भाषा बोलता येते. आयफोनच्या 'फाइल्स' या अ‍ॅपमध्ये ही सोय २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे. अँड्रॉइडवर नेटवर्कची सोय असलेला फाइल मॅनेजर घ्यावा लागतो.

येथे एक आठवण द्यावीशी वाटते. फाइल देण्याघेण्यासाठी आपल्या बाजारात पूर्वी शेअरइट, झेंडर आणि ईएस फाइल एक्सप्लोरर ही अ‍ॅप सर्रास वापरली जात. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ही तिन्ही होती. कुणी ती अजून कुठूनतरी मिळवून जुन्या फोनमध्ये ठेवली असतील, तर काढून टाकावीत.

घरी काय करावे

पहिले काम संगणकावर. सगळी ड्राइव्ह कधीही उघडी करू नये. 'धंदा' नावाचे एक वेगळे फोल्डर करावे आणि मोबाइलवर लागणाऱ्या फाइलच त्यात ठेवाव्यात. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावे, शेअरिंग निवडावे आणि कुणाला द्यायचे ते ठरवावे. यासाठी संगणकावर एक वेगळा युजर बनवून त्याला पासवर्ड लावणे उत्तम. त्या युजरला 'फक्त वाचणे' एवढीच मुभा द्यावी, म्हणजे खिशात दाबल्या गेलेल्या मोबाइलमुळे हिशेबाची फाइल पुसली जाणार नाही.

दुसरे काम, संगणकाचा पत्ता शोधणे. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग लिहिला की आयपीव्ही४ या ओळीपुढे तो दिसतो.

तिसरे काम मोबाइलवर. अँड्रॉइडच्या फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्क किंवा रिमोट या विभागात एसएमबी निवडावे. तेथे पत्ता, युजरचे नाव व पासवर्ड भरावा. आयफोनवर फाइल्स अ‍ॅपमधील तीन टिंबे दाबून 'कनेक्ट टू सर्व्हर' निवडावे. तेथे इंग्रजीत एसएमबी, पुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि मग पत्ता लिहावा. एवढे झाले की 'धंदा' हे फोल्डर मोबाइलवर उघडते. या कामाला इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी राउटर चालू आहे तोवर घरातल्या घरात फाइल मिळते.

गाडी कुठे अडते

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे जमत नाही. त्यामागची कारणे ठरलेली आहेत.

एक, संगणक झोपलेला असतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करावे लागते. दोन, मोबाइल पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असतो, आणि ते वायफाय बहुधा घरच्या संगणकापर्यंत पोहोचू देत नाही. तीन, विंडोजमध्ये आपले नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेले असते. घरचे आहे म्हणून ते 'प्रायव्हेट' करावे. चार, लोक चार आकडी पिन टाकतात. पिन त्या संगणकासमोर बसूनच चालते, बाहेरून पासवर्डच लागतो. पाच, राउटर बंद होऊन चालू झाला की संगणकाचा पत्ता बदलू शकतो. पावसाळ्यात वीज गेल्यावर "काल चालत होते, आज चालत नाही" अशी जी तक्रार येते, तिचे मूळ बरेचदा येथे असते. राउटरच्या सेटिंगमध्ये संगणकासाठी तो पत्ता कायमचा राखून ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट. फोल्डर उघडले म्हणून प्रत्येक फाइल उघडेलच असे नाही. पीडीएफ, फोटो, एक्सेल सहज दिसतात, पण टॅलीचा डेटा किंवा कोरलड्रॉचे डिझाइन मोबाइलवर तसेच उघडत नाही. म्हणून खतावणी, भावपत्रक आणि डिझाइन यांची पीडीएफ किंवा फोटोच्या स्वरूपात एक प्रत त्याच फोल्डरमध्ये टाकण्याची सवय लावावी.

दुकानातून कसे उघडावे

आता खरा प्रश्न. घरचा पत्ता घरापुरताच असल्याने दुकानातून तो टाकला तर काहीच सापडत नाही. त्यातच अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. चाळीत एकच टपालपेटी असावी तसा हा प्रकार. यातून वाट काढण्याचे मुख्यतः तीन मार्ग सांगितले जातात.

पहिला मार्ग, निवडक फाइल इंटरनेटवरील साठ्यात ठेवणे. गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ५ जीबी जागा मोफत मिळते. भावपत्रक आणि नमुन्यांचे फोटो एवढीच गरज असेल तर हाच मार्ग सर्वांत सोपा.

दुसरा मार्ग व्हीपीएनचा. मोबाइल आणि घरचा संगणक यांच्यामध्ये कुलूपबंद खासगी बोगदा तयार होतो, आणि आपण स्टेशन रोडवर असलो तरी घरातच बसल्यासारखे ते फोल्डर उघडते. काही राउटरमध्ये वायरगार्ड नावाची ही सोय आतच असते. टेलस्केलसारखे अ‍ॅप दोन्हीकडे बसवून एकाच खात्याने आत गेले, तर राउटरला हातही लावावा लागत नाही. त्याची घरगुती वापराची योजना मोफत आहे, धंद्यासाठी वापरताना मात्र अटी वाचून घ्याव्यात.

तिसरा मार्ग, राउटरमध्ये बाहेरून आत येणारे दार उघडून देणे. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. एखादा ओळखीचा तंत्रज्ञ पाच मिनिटांत हे करून देतो आणि काम झालेले दिसते. एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे दार अशा रीतीने कधीही उघडू देऊ नये. आपण एकटेच त्या दारातून येणार असे आपल्याला वाटते, पण जगभरातील यंत्रे रात्रंदिवस असली उघडी दारे शोधत फिरत असतात.

२०१७ सालचा धडा

ही भीती पोकळ नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइल त्याने कुलूपबंद केल्या आणि ३०० डॉलरची खंडणी मागितली. तो शिरला तो एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील दोषातून. तो दोष बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी "अपडेट नंतर करू" म्हटले, ते सापडले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला. मायर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याच समूहाने चालवलेल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. बिघाड परदेशातला, आणि कंटेनर अडकले आपल्या रायगड जिल्ह्यात. मायर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले. तिचे सारे जाळे ज्या मुख्य नोंदीवर चालत होते, तिच्या जगभरातील प्रती नष्ट झाल्या होत्या. वाचली ती घाना देशातील एकच प्रत, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट'ने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला थेट जोडलेल्या साठवण यंत्रांवर असाच हल्ला केला. घरी आणि छोट्या कार्यालयांत ठेवली जाणारीच ही यंत्रे. तेव्हा "मी लहान माणूस, मला कोण लुटणार" हा विचार चुकीचा आहे. यंत्र लहानमोठे पाहत नाही, ते उघडे दार पाहते.

म्हणून जुने अ‍ॅप किंवा जुने यंत्र चालावे यासाठी कुणी एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू करायला सांगितले, तर नकार द्यावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

किल्ली कुणाकडे, प्रत कुठे

दुकानातील मुलगा, कारखान्यातील कारागीर आणि हिशेबनीस यांना एकच पासवर्ड देऊ नये. प्रत्येकाला वेगळा युजर आणि ज्याला जे लागते तेवढेच फोल्डर द्यावे. काम सोडून जाणाऱ्याचा युजर त्याच दिवशी बंद करावा. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेले डिझाइन ही आपल्याकडची अमानत आहे. ते दुसऱ्याच्या हाती गेले तर नुकसान केवळ एका ऑर्डरचे होत नाही. मोबाइलला पडद्याचे कुलूप हवेच, कारण लोकलच्या गर्दीत तो हरवला तर त्यासोबत घराची किल्लीही जाते. फोनवरून "हे अ‍ॅप टाका, मी दुरून सेटिंग करून देतो" असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाचे मुळीच ऐकू नये. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत. मोबाइलवर फाइल दिसणे म्हणजे तिची दुसरी प्रत असणे नव्हे. संगणकाची डिस्क गेली की मोबाइलवरचे दिसणेही गेले. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी आणि डिस्क लगेच काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर प्रोग्राम तिलाही कुलूप लावतो. शिवाय एक प्रत दुसऱ्या जागी असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरची मशीन, माल आणि वह्या एकाच वेळी पाण्यात गेल्याचे मुंबई व उपनगरांतील व्यापाऱ्यांनी पाहिले आहे. घरची प्रत गाळ्यात आणि गाळ्याची घरी, एवढा साधा नियमही पुरेसा आहे.

येत्या सुटीच्या दिवशी दोन तास काढावेत. पहिल्या तासात 'धंदा' हे फोल्डर करून ते घरातच मोबाइलवर उघडून पाहावे. दुसऱ्या तासात हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी आणि राउटर बसवून देणाऱ्याला विचारावे, "बाहेरून आत येणारे कुठले दार उघडे ठेवले आहे का?" उत्तर 'हो' आले तर आधी ते बंद करून घ्यावे आणि मगच दुकानातून फाइल उघडण्याच्या मागे लागावे. मग पुढच्या वेळी गिऱ्हाईक जुना भाव विचारील, तेव्हा घरी फोन करण्याची वेळ येणार नाही.