जाड गोळीचा हिशेब आणि मोहाखालचे अस्वल

चापाभोवतीची लोखंडी कडी पुढे ढकलून परत ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाऊन बसते, अशा रचनेच्या रायफलीला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. दस्ता खांद्यावरून न हलवता दुसरी गोळी झाडता येते, हा तिचा गुण दाट झाडीत विशेष मोलाचा ठरतो. अशा बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरील स्फोटक टोपीला टेकलेले असते आणि गोळी अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो, म्हणून या गोळ्या परंपरेने बोथट ठेवल्या जातात. बोथट गोळीचा वेग हवेत लवकर घटतो, त्यामुळे तिचा खरा उपयोग जवळच्या अंतरावरच होतो.

1873 मध्ये अमेरिकी सैन्यासाठी आलेल्या आणि पुढे अशा रायफलींतही चाललेल्या .45-70 या काडतुसाच्या नावातील पहिला आकडा इंचातील व्यास आणि दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन सांगतो. ग्रेन म्हणजे ग्रॅमचा सुमारे पंधरावा भाग. त्याची 405 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने जाई, तर 1964 च्या .444 मार्लिन या काडतुसाची 240 ग्रेनची गोळी 700 मीटरांपुढे जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने कागदावर दुसरे काडतूस जवळजवळ दुप्पट बलवान दिसते, परंतु वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, दोन्हींचा जवळपास सारखाच भरतो. खांद्याचे हाड फोडून आत खोल जाण्याची क्षमता मुख्यतः गोळीचे व्यासाच्या मानाने वजन आणि तिची घडण यांवर ठरते, म्हणून केवळ ऊर्जेच्या आकड्यावर काडतूस निवडणे चूक होय.

भारतात लिव्हर-ॲक्शनच्या काडतुसांचे ठळक उदाहरण म्हणजे .405 विंचेस्टर. 1904 मध्ये आलेले हे काडतूस 1895 मॉडेलच्या, नळीऐवजी पेटीचे मॅगझिन असलेल्या, रायफलीसाठी होते, आणि बेंगळुरूचे केनेथ अँडरसन नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागे हीच रायफल घेऊन फिरत. मात्र मध्य प्रांतातील साहेबांचा आणि संस्थानिकांचा ओढा दुनळी व बोल्ट रायफलींकडेच राहिला. सैन्याची .303 काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत या धोरणातून पुढे .315 बोअर रूढ झाला. त्याच्या काडतुसाच्या बुडावर दिसणारी ‘के. एफ.’ ही अक्षरे पुण्याजवळच्या, 1869 मध्ये उभ्या राहिलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची आहेत.

त्याच जुन्या मध्य प्रांतातल्या रायपूरच्या आसपास मात्र आज काडतुसाच्या निवडीचा प्रश्न शिकारीचा उरलेला नाही, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पायबंद घातला आहे आणि उदंती अभयारण्यातील रानम्हैस, जी छत्तीसगडचा राज्यप्राणी आहे, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. भीती आहे ती अस्वलाची. मार्च-एप्रिलमध्ये महासमुंद, गरियाबंद, कांकेरच्या गावांतील बायामाणसे झुंजूमुंजूला टोपली घेऊन मोहाखाली ओणवी होऊन फुले वेचतात, आणि तीच फुले खायला अस्वलही त्याच वेळी येते. शे-सव्वाशे किलोच्या या प्राण्यासाठी वर तुलना केलेले कोणतेही काडतूस पुरेसे आहे. पुरत नाही तो वेळ, कारण पंधरा मीटरांवरून धावत आलेले अस्वल दोनेक सेकंदांत अंगावर असते, आणि तेवढ्यात प्रशिक्षित हातालाही एखादीच नेमकी गोळी साधते.

कायद्याच्या कलम 11 नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, परंतु फुले वेचणाऱ्याच्या हाती परवान्याची रायफल असण्याचा संभव जवळजवळ नाहीच. तेव्हा मोहाच्या हंगामात पुरते उजाडल्यावर, चौघाचौघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे, आणि झाडाखाली काळी पाठ दिसली तर टोपली तिथेच सोडून, अस्वलाकडे पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे.