जुनी मोटारबोट घेताना

भिलाई हे पोलादाचे नगर. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे या पाठाचे शीर्षक वाचून, 'आपला आणि मोटारबोटीचा संबंध काय?' असा प्रश्न भिलाईच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु येथील पोलाद कारखान्याला पाणी पुरविणारा बालोदजवळचा तांदुला जलाशय, दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ नदी आणि धमतरीजवळ महानदीवर बांधलेले गंगरेल धरण हे सारे याच परिसरात आहे. गंगरेलच्या विस्तीर्ण पाण्यात पर्यटकांना मोटारबोटीतून फिरविले जाते. अशा व्यवसायात उतरू पाहणाऱ्याला नवी बोट परवडतेच असे नाही. मग जुन्या बोटीचा शोध सुरू होतो.

जुनी मोटारसायकल बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते. बोटीला अशी कड नसते. म्हणूनच तिची पारख अधिक काटेकोरपणे करावी लागते, आणि ती रंगावरून मुळीच करू नये. ताज्या रंगाने तर संशय वाढावा. कारण भेगा झाकण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

आजकालच्या बहुतेक लहान बोटी फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू आणि राळ यांच्या थरांनी बनविलेल्या असतात. अनेक बोटींत या थरांच्या मध्ये लाकूड किंवा फोम घातलेला असतो. एखाद्या सैल स्क्रूच्या छिद्रातून पाणी आत झिरपले, की लाकूड आतल्या आत कुजते आणि वरून मात्र काहीच दिसत नाही. येथे आपल्या आजीची युक्ती कामी येते. कुंभाराकडून मडके घेताना ती ते वाजवून पाही. बोटीच्या तळावर, काठांवर आणि आतील फळीवर हातोडीच्या मुठीने हलके ठोके मारीत जावे. खणखणीत आवाज आला तर भाग शाबूत आहे असे समजावे. आवाज बद्द झाला, तर तेथे थर सुटले असण्याचा किंवा आत पाणी मुरले असण्याचा संभव असतो. रेल्वेचे कर्मचारी गाडीच्या चाकांची परीक्षा याच न्यायाने करीत आले आहेत.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते बोटीच्या मागच्या उभ्या फळीकडे. यंत्राचे सारे वजन आणि त्याचा सारा रेटा हीच फळी सोसते. यंत्र दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावे. फळी लवली, किंवा तिच्या कोपऱ्यांत भेगा दिसल्या, तर ती दुरुस्ती मोठी आणि खर्चिक असते. तळावर फोडांसारखे उंचवटे असतील तर पाणी थरांत शिरले आहे, असे जाणावे.

आता यंत्राविषयी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे, की यंत्र आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गरम यंत्र सहज सुरू होते. त्याचा खरा स्वभाव थंड असतानाच कळतो. सुरू झाल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती अखंड आहे ना ते पाहावे. यंत्राच्या खालच्या भागातील गिअरचे तेल थोडे काढून बघावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मेकॅनिककडून मोजून घ्यावा. त्यांच्यात साधारण दहा टक्क्यांहून अधिक फरक असू नये. आपल्या जलाशयांचे पाणी उन्हाळ्यात ओसरते, खडक वर येतात. म्हणून पंख्याची पाती वाकली आहेत का, हेही तपासावे. बोट कोकणातून वा अन्य किनाऱ्यावरून आणलेली असेल, तर क्षाराने खाल्लेले नट-बोल्ट, तारा आणि थंड पाण्याच्या वाटा पाहिल्यावाचून बोलणी पुढे नेऊ नयेत. लोखंड कसे गंजते हे भिलाईकरांना वेगळे सांगायला नकोच!

एवढे झाल्यावर बोट पाण्यात चालवून पाहावी, आणि तीही एकट्याने नव्हे. जितकी माणसे बसवायची, तितके वजन ठेवून, पण मान्य क्षमतेच्या आत, अर्धा तास तरी चालवावी व नंतर तळात किती पाणी साचले ते मोजावे. वजनाची ही काळजी अनाठायी नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. तेव्हा बोटीबरोबर जाकिटे मिळणार असतील तर ती एकेक उलगडून, पट्टे ओढून पाहावीत. उसवलेले जाकीट हे जाकीट नव्हेच.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार नदी-जलाशयांत चालणाऱ्या यांत्रिक बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र लागते; विमाही लागतो. नोंदणीपत्रावरील नाव विकणाऱ्याचेच आहे का, बोटीवर कर्ज आहे का, आणि कागदावरील यंत्रक्रमांक यंत्रावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. क्रमांक खरवडलेला असल्यास किंमत कितीही कमी असो, तेथून परत फिरावे. सर्व ठीक असेल तर आढळलेल्या दोषांची यादी करून, मेकॅनिककडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम वजा करूनच भाव सांगावा.