पॅकेजांचा तंटा

लोणावळ्याच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. उबंटू या लिनक्स प्रणालीचं अपडेट चालू असताना ती गेली, तर नंतर काहीही इन्स्टॉल करायला गेलं की अर्धवट राहिलेलं काम आधी पुरं करा, असा हट्ट पॅकेजं बसवणारा ‘डीपीकेजी’ धरतो. त्याला एक कमांड दिली की गाडी बहुधा मार्गी लागते. खरा तंटा होतो तो दोन पॅकेजांचं पटत नाही तेव्हा, आणि त्याचा पावसाशी संबंध नाही.

समजा, तळेगावच्या वसतिगृहात कुणी उबंटू 22.04 वर मोंगोडीबी 5.0 हा डेटाबेस टाकायला घेतला. कुठलं पॅकेज कशासोबत बसेल हे ठरवणारा ‘एपीटी’ साफ नकार देतो: याला ‘लिब-एसएसएल 1.1’ हवं, आणि ते मिळण्यासारखं नाही. कारण ते ओपनएसएसएल 1.1 चं पॅकेज, आणि 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 आलं. 20.04 मधलं जुनं पॅकेज उचलून आणता येतं. नावातच आवृत्ती असल्यामुळे दोन्ही शेजारी नांदतात. पण ओपनएसएसएल 1.1.1 चा सर्वसाधारण आधार सप्टेंबर 2023 मध्ये संपला, म्हणजे ओपनएसएसएलकडून सुरक्षेची भोकं आता फुकट बुजवली जात नाहीत. 22.04 साठी बांधलेली मोंगोडीबीची पुढची आवृत्ती घेणं हाच शहाणपणा.

काही पॅकेजं मात्र एकत्र नांदतच नाहीत. पोस्टफिक्स आणि एक्झिम दोघांनाही ईमेल पोचवण्याचं एकच काम हवं असतं. म्हणून उबंटूचा पाया असलेल्या डेबियनमध्ये दोघांच्या माहितीपत्रकात परस्परविरोध लिहिलेला असतो, आणि एक घेतलं की दुसरं काढायचा प्रस्ताव येतो.

इथं थक्क व्हावं असं गणित आहे. प्रत्येक पॅकेजबाबत ‘हवं’ की ‘नको’ एवढाच प्रश्न. पण 20 पॅकेजांच्याच शक्यता 10 लाखांवर जातात, आणि 2023 च्या डेबियन 12 मध्ये तर 64 हजारांहून अधिक पॅकेजं होती. दिलेलं पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न सर्वसाधारणपणे ‘एनपी-कम्प्लीट’ आहे, म्हणजे सगळ्या प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत कुणालाच ठाऊक नाही, असं रोबेर्तो दी कॉस्मो आणि सहकाऱ्यांच्या एडॉस प्रकल्पाने दाखवलं. तरी जुन्या लॅपटॉपवरही निवाडा बहुधा काही सेकंदांत होतो. फेडोरा या लिनक्सचं पॅकेजं हाताळणारं डीएनएफ त्यासाठी तर्कशास्त्रातलाच ‘सॅट’ हा प्रश्न सोडवणारा ‘लिबसॉल्व’ वापरतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर उभी आहे, त्यामुळे तिथं निवाडा एपीटीकडेच.

माझ्या मते ‘फोर्स’ हा शब्द कमांडमध्ये टाकण्याआधी ‘काढली जातील’ ही यादी दोनदा वाचावी. 2021 मध्ये लायनस सेबास्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचं ॲप टाकताना इशारा ओलांडून ‘होय, मी सांगतो तसं कर’ असं इंग्रजीत टाइप केलं. स्टीम राहिलं बाजूलाच, अख्खा डेस्कटॉपच उडाला! पुढं एपीटीने अत्यावश्यक पॅकेजं काढायची ही वाट बरीच अवघड करून ठेवली.